गर्भोपघातकर भावांची यादी वाढवायला हवी

आपल्या व्यवसायात गर्भिणी परिचर्येइतका अभिमानाचा विषय दुसरा क्वचितच असेल. संमेलन असो, शिबिर असो वा आपले हे त्रैमासिक असो, पहिल्या मासात साधे शीत दुग्ध, दुसऱ्यात मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले दुग्ध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दुग्ध, चौथ्यात लोणी, पाचव्यात घृत, हा क्रम आपण सारे तोंडपाठ सांगतो. नवव्या मासातील अनुवासन बस्ती आणि पिचुधारण यांचे महत्त्व नागपुरात व्यवसाय करताना गेली वीस वर्षे आम्हीही गर्भिणींना व त्यांच्या घरच्यांना सांगत आलो आहोत. त्याचे मोल आम्ही यत्किंचितही कमी लेखत नाही.

परंतु या चर्चेत एक उणीव आम्हांस सतत जाणवते. गर्भिणीला काय द्यावे, याविषयी आपण भरभरून बोलतो. तिला कशापासून वाचवावे, याविषयी मात्र फार थोडे बोलतो. आणि ज्या धोक्यांपासून तिला वाचवायचे, त्यांतील काही धोके आपल्याच औषधांच्या कपाटातून तिच्यापर्यंत पोहोचतात, हे तर आपण उच्चारतही नाही. प्रस्तुत लेखाचा विषय हाच आहे. काही विधाने वैद्यबंधूंना व भगिनींना कटू वाटतील, याची कल्पना ठेवूनच आम्ही लिहीत आहोत.

शास्त्राचा क्रम

चरकसंहितेच्या शारीरस्थानातील जातिसूत्रीय अध्याय आपण सर्वांनी पुन्हा एकदा क्रमाने वाचावा. त्यात मासानुमासिक परिचर्या येते ती बरीच नंतर. तिच्या आधी आचार्यांनी गर्भाचा उपघात करणारे भाव सांगितले आहेत. उंचसखल व कठीण आसन, वात-मूत्र-पुरीषाच्या वेगांचे धारण, दारुण व्यायाम, तीक्ष्णोष्ण पदार्थांचे अतिसेवन, अत्यल्प भोजन, आघात, शरीरावरील दाब, फार हादरे देणाऱ्या वाहनातील प्रवास असे हे भाव आहेत. नित्य मद्य घेणाऱ्या, नित्य गोड खाणाऱ्या, नित्य कलह करणाऱ्या स्त्रीच्या अपत्याला कोणते दोष संभवतात, हेही त्यांनी एकेक करून सांगितले आहे. त्यानंतर चिकित्सेचा नियम येतो: गर्भिणीच्या व्याधींवर मृदू, मधुर, शीत व सुखकर उपायच योजावेत, वमन, विरेचन, रक्तमोक्षण टाळावे. तैलपूर्ण पात्राचा सुप्रसिद्ध दृष्टांतही येथेच येतो. काठोकाठ तेलाने भरलेले भांडे नेताना जी सावधगिरी हवी, तीच गर्भिणीच्या उपचारात हवी, असा त्याचा आशय.

म्हणजे आधी धोक्यांचे ज्ञान, मग उपचारातील संयम आणि त्यानंतर दूध-तुपाची परिचर्या, असा हा क्रम आहे. आपण तिसऱ्यावर थांबलो आणि पहिल्या दोहोंना पाठांतराचा विषय करून टाकले.

दुसरे असे की, ही यादी त्या काळच्या जीवनातून आलेली आहे. खोल विहिरी आणि धबधब्यांत वारंवार डोकावू नये, हे तेव्हाच्या स्त्रीला सांगणे आवश्यक होते. आजच्या नागपुरातील, भंडाऱ्यातील वा उमरेडमधील स्त्रीपुढील धोके निराळे आहेत. तंबाखू आपल्या देशात सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आली. ती चरकाचार्यांच्या यादीत असणे शक्यच नव्हते. यादी वाढवणे म्हणजे शास्त्राचा अव्हेर नव्हे. ज्या दृष्टीने आचार्यांनी ती तयार केली, ती दृष्टी आजच्या परिस्थितीला लावणे होय.

आमची एक चूक

इतरांना काही सांगण्यापूर्वी स्वतःचे सांगणे योग्य. व्यवसायाच्या पहिल्या काही वर्षांतील ही घटना आहे. पहिलटकरीण, आठवा महिना. पायांवर सूज आणि दोन दिवसांपासून डोके दुखत असल्याची तक्रार. आम्ही केसपेपरवर 'गर्भिणी शोथ' असे निदान लिहिले. सुश्रुताचार्यांनी सहाव्या मासात गोक्षुरसिद्ध घृत वा यवागू सांगितली आहे, हे स्मरून गोक्षुर-पुनर्नव्याचा क्वाथ दिला, मीठ कमी करण्यास सांगितले आणि आठ दिवसांनी बोलावले. रक्तदाब मोजला नाही. यंत्र बिघडलेले होते, दुरुस्तीला द्यायचे राहून गेले होते, आणि गरोदरपणात पाय सुजतातच, असे मनाने समाधान करून घेतले होते.

पाचव्या रात्री तिला झटके आले. घरच्यांनी तातडीने रुग्णालयात नेले. आई कित्येक दिवसांनी वाचली. बाळ वाचले नाही. महिनाभराने तिची सासू दवाखान्यात आली. भांडायला नव्हे, विचारायला. "डॉक्टरसाहेब, तुम्ही तं साधी सूज म्हटली होती ना जी?" एवढेच ती म्हणाली. त्या प्रश्नाला आमच्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

गोक्षुराचा दोष नव्हता. दोष न मोजण्याचा होता. विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब १४०/९० किंवा त्याहून अधिक भरला आणि लघवीत प्रथिने आढळली, तर तो साधा शोथ नसतो. डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी वा चमकणे, पोटाच्या वरच्या भागात वेदना, चेहऱ्यावर व हातांवर अकस्मात सूज ही झटक्यांची पूर्वरूपे आहेत. झटके रोखणारे मॅग्नेशियम सल्फेट हे स्वस्त औषध प्रसूती रुग्णालयांत उपलब्ध असते. परंतु ते मिळण्यासाठी स्त्री तेथे वेळेवर पोहोचायला हवी. तिला पाठवणारा पहिला माणूस पुष्कळदा आपणच असतो, कारण गल्लीतील दवाखाना आपला असतो. पूर्वरूपे ओळखणे ही तर आपल्या निदानपंचकाची शिकवण आहे. त्या दिवसापासून आमच्या टेबलावर रक्तदाबाचे यंत्र नाडीपरीक्षेइतकेच नित्याचे झाले आहे.

जुन्या यादीचे आजचे अर्थ

चरकाचार्यांचे बहुतेक भाव आजही आपल्या अवतीभवती आहेत, फक्त त्यांची रूपे बदलली आहेत.

मूत्रवेगधारण घ्या. बाजारात भाजी विकणारी, बांधकामावर गिट्टी उचलणारी, दुकानात दिवसभर उभी राहणारी, एस.टी.ने रोज जाणे-येणे करणारी स्त्री लघवीचा वेग तासन्‌तास अडवून धरते, कारण जावे कोठे हाच प्रश्न असतो. त्यावर उपाय म्हणून ती पाणीच पीत नाही. गर्भावस्थेत मूत्रमार्गाचा संसर्ग मुळातच सहज होतो. तो वर वृक्कांपर्यंत चढला तर तीव्र ज्वर येतो आणि अकालप्रसवाचा धोका वाढतो. पुष्कळदा दाहादी लक्षणे नसतानाही संसर्ग असतो, म्हणून लघवीची तपासणी हवी. केवळ 'पाणी जास्त प्या' असे सांगून भागत नाही. ती दिवसभर कोठे असते, तेथे सोय आहे काय, हे विचारावे लागते.

याला नागपूरच्या उन्हाळ्याची जोड मिळते. येथे मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे आपल्याला नवे नाही. गर्भिणीच्या देहात उष्णता आधीच अधिक निर्माण होते. जलक्षय झाला की रक्तदाब उतरतो, चक्कर येते, गर्भाशयाला मिळणारा रक्तपुरवठा घटतो. तीव्र उष्णतेचा अकालप्रसवाशी व मृतजन्माशी असलेला संबंध अनेक देशांतील अभ्यासांत दिसून आला आहे. एप्रिल ते जून या काळात सातवा-आठवा महिना असलेल्या स्त्रीला दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू देऊ नये, पन्हे, ताक, लिंबूपाणी वरचेवर द्यावे, हे सांगण्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नाही. मात्र कूलर नसलेल्या पत्र्याच्या खोलीतील स्त्रीला 'घरात राहा' एवढाच सल्ला पुरेसा नाही. दुपारपुरती शेजारच्या थंड घरात, समाजमंदिरात वा अंगणवाडीत बसण्याची सोय तिच्या घरच्यांशी बोलून करावी लागते.

प्रमिताशन, म्हणजे अत्यल्प भोजन, हाही असाच भाव. गर्भ मोठा झाला तर बाळंतपण अवघड जाईल, म्हणून शेवटच्या महिन्यांत सुनेला कमी जेवू घालण्याची समजूत ग्रामीण भागात अजून आढळते. त्यात चतुर्थी, नवरात्र आणि ग्रहण यांच्या उपवासांची भर पडते. पपई खावी की खाऊ नये, हे आम्हांस दहा जणी विचारतात. वजन किती वाढायला हवे, हे एखादीच विचारते.

मद्याच्या जोडीला आमच्या विदर्भात खर्रा आला आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला हा पदार्थ केवळ पुरुषांचा राहिलेला नाही. कित्येक स्त्रिया खर्रा खातात, गुडाखूने दात घासतात, आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. भंडारा-गोंदियाकडे विड्या वळणाऱ्या स्त्रियांच्या श्वासात तंबाखूची धूळ दिवसभर जात असते. मुंबईत १२१७ गर्भवतींवर झालेला व २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्ध आहे. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि अकालप्रसवाचे प्रमाणही अधिक आढळले. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. घरातील पुडीवर बंदी घालणे कायद्याला शक्य नाही, ते वैद्याच्या शब्दालाच शक्य आहे. मात्र त्यासाठी न रागावता, सासूला बाहेर बसवून, प्रत्येकीला विचारायला हवे.

गोडाची गोष्ट तर आपल्याशी थेट संबंधित आहे. नित्य मधुर सेवनाचा प्रमेहाशी आणि स्थूलतेशी असलेला संबंध आचार्यांनी गर्भाच्या संदर्भात सांगून ठेवला आहे. आज गर्भावस्थेतील मधुमेह ही नित्याची बाब झाली आहे. असे असता आपण काय करतो? सरसकट प्रत्येकीला दुधातून दोन वेळा शतावरी कल्प देतो. बाजारातील बहुतेक कल्पांत साखर हाच मोठा भाग असतो, हे आपल्याला ठाऊक असते. त्यावर डिंकाचे लाडू आणि घरचे डोहाळे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी रक्तशर्करा पाहण्याची तपासणी स्वस्त आहे, त्यासाठी उपाशीपोटी येण्याचीही अट नाही. १४० किंवा त्याहून अधिक आकडा आला तर मधुमेह समजून पुढील उपचार करावेत, असे शासनाचे मार्गदर्शन आहे. ही तपासणी पाहिल्याशिवाय कल्प देऊ नये. शतावरी द्यायचीच तर चूर्ण वा क्षीरपाक रूपाने देता येते.

आपल्या मातीतील धोका

विदर्भातील वैद्याने विसरू नये असा एक धोका सिकलसेलचा आहे. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयीची नोंद शुक्ल आणि सोळंकी यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केली. त्यानंतर कित्येक दशके लोटली. २०२३ च्या जुलैमध्ये केंद्र शासनाने २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवून सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. नागपूर, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात आदिवासी, अनुसूचित जाती व अन्य कित्येक समाजांत हा आजार आहे, हे येथील प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे.

तरीही आपल्याकडे काय घडते ते पाहा. फिकट दिसणारी गर्भिणी आली की निदान 'पांडु' आणि औषध लोहकल्प. देशात दर दोन गर्भवतींपैकी एकीहून अधिक स्त्रिया रक्ताल्पतेने ग्रस्त आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ५२.२ टक्के आढळले. त्यांतील बहुसंख्य स्त्रियांना लोहाची गरज असते, हे खरेच; परंतु विदर्भात या पांडूमागे सिकलसेलही असू शकतो, आणि तेथे केवळ लोह देत राहणे म्हणजे मूळ व्याधीकडे पाठ फिरवणे.

याहून गंभीर चूक संधिशूलाच्या बाबतीत घडते. सिकलसेलच्या वेदनांना आमवात समजून लंघन आणि स्वेदन दिले जाते. सिकलसेलमध्ये जलक्षय हेच वेदनावेगाचे एक प्रमुख कारण असते. आमवाताची जी आद्य चिकित्सा, तीच येथे घातक ठरू शकते; आणि रुग्ण गर्भिणी असेल तर दोन जीव पणाला लागतात. या रुग्णांत रक्तदाब वाढणे, गर्भाची वाढ खुंटणे आणि छातीतील गंभीर उपद्रव यांचा धोकाही अधिक असतो.

म्हणून आमचा आग्रह असा की, पहिल्याच भेटीत सिकलसेलची चाचणी झाली आहे काय, हे पाहावे. नसल्यास ती करवून घ्यावी. पत्नी वाहक निघाली तर पतीचीही चाचणी व्हावी. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्याला आजार होण्याची शक्यता चारांत एक असते. अशा जोडप्याला तज्ज्ञांच्या समुपदेशनासाठी लवकर, पहिल्या तीन महिन्यांतच पाठवावे. हे सांगताना कोणाच्या जातीचा उल्लेख करण्याचे कारण नाही आणि दोष सुनेच्या माथी मारला जाणार नाही, हेही पाहावे. कारण आजारी अपत्यात एक गुणसूत्र पित्याकडूनच आलेले असते.

आपल्या कपाटातील धोका

आता सर्वांत अवघड भाग. गर्भस्राव टाळण्यासाठी, गर्भपोषणासाठी, वमनासाठी, किंबहुना कशासाठीही, आपल्यापैकी अनेक जण गर्भपाल रस लिहून देतात. आम्हीही देत होतो. या कल्पात हिंगुळ आहे, नागभस्म आहे, वंगभस्म आहे. म्हणजे पारद आहे आणि शिसे आहे. हिंगुळाची गणना औषध कायद्याच्या अनुसूची ई(१) मध्ये, वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावयाच्या विषद्रव्यांत केलेली आहे.

२०१२ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांच्या साप्ताहिकात न्यूयॉर्क शहरातील सहा गर्भवतींची हकीकत प्रसिद्ध झाली. त्यांच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले आणि त्याचा संबंध भारतात तयार झालेल्या आयुर्वेदिक औषधांशी लागला. तेथे गर्भवतीला शिशाचा धोका आहे काय, याची विचारणा प्रसूतिपूर्व तपासणीत होते म्हणून ते सापडले. आपल्याकडे तशी प्रथा नाही. तो वृत्तांत वाचल्यावर आम्ही कपाटातील गर्भपाल रसाची बाटली काढून ठेवली, ती पुन्हा उघडली नाही.

यावर आक्षेप येतो की, शोधन-मारणाने धातू निर्विष होतो, आणि तीस-तीस वर्षे देऊनही अपाय झाल्याचे पाहण्यात नाही. पहिल्या मुद्द्याविषयी आम्ही एवढेच म्हणू की, रसशास्त्रातील प्रत्येक पुट, प्रत्येक भस्मपरीक्षा शास्त्रोक्त झाली, याची ग्वाही आज कोण देणार? बाटलीवरील चिठ्ठी ती देत नाही. आणि मारण झाले तरी शिसे हे मूलद्रव्य नाहीसे होत नाही, त्याचे संयुग बदलते. दुसऱ्या मुद्द्याविषयी: आपण पाहिले नाही, कारण आपण मोजले नाही. शिशाचा अपाय दवाखान्यात लगेच दिसत नाही. ते अस्थींत वर्षानुवर्षे साचते, गर्भावस्थेत अस्थींतून कॅल्शियम उचलले जाते तेव्हा रक्तात उतरते आणि अपरा ओलांडून गर्भाच्या मेंदूपर्यंत जाते. मूल शाळेत मागे पडले तर गर्भपाल रसाची आठवण कोणाला होणार?

शिवाय हा आग्रह शास्त्राच्या नावाने तरी का धरावा? चरकाचार्यांच्या प्रजास्थापन महाकषायातील दहाही द्रव्ये वनस्पती आहेत. गर्भिणीसाठी मृदू व मधुर उपायांचा नियम त्यांनी घालून दिला. नागभस्माचे कल्प उत्तरकालीन रसग्रंथांतून आले. रसशास्त्राविषयी आमच्या मनात आदर आहे. परंतु गर्भिणी व स्तन्यदा यांना नाग, पारद व सोमलयुक्त कल्प देऊ नयेत, हे आपल्या संघटनेने निःसंदिग्ध शब्दांत जाहीर करावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वनस्पती म्हणजे सर्वस्वी निर्धोक, असेही मानू नये. यष्टीमधु दीर्घकाळ व मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो व पोटॅशियम घटू शकते. रक्तदाबाची प्रवृत्ती असलेल्या गर्भिणीत ते टाळावे. दुसऱ्या मासात रक्तस्राव व ओटीपोटात वेदना घेऊन आलेल्या स्त्रीला सोनोग्राफीवाचून कोणतेही 'गर्भस्थापक' औषध देऊ नये. गर्भ बीजवाहिनीत रुजलेला असेल तर जाणारा प्रत्येक तास तिच्या जिवावर बेततो.

आणि पुत्रप्राप्तीची औषधे? गर्भाचे लिंग शुक्र-आर्तव संयोगाच्या क्षणीच ठरलेले असते. दीड-दोन महिन्यांनी दिलेली पुडी ते बदलू शकत नाही. हरियाणातील अभ्यासांत अशी औषधे घेणाऱ्या स्त्रियांत मृतजन्म व जन्मजात व्यंगांचे प्रमाण अधिक आढळले आहे. पुंसवनाच्या नावाखाली ही पुडी देणारा आपल्यातला असेल, तर त्याला आपण पाठीशी घालता कामा नये.

आता काय करावे

केवळ टीका करून थांबणे उचित नव्हे. संघटनेच्या प्रत्येक सदस्याच्या दवाखान्यात गर्भिणीसाठी एक पानाचे तपासणी-पत्रक असावे, असे आम्ही सुचवितो. त्यात पुढील बाबी असाव्यात:

१. प्रत्येक भेटीत रक्तदाब, वजन आणि लघवीतील प्रथिने.
२. पहिल्या भेटीत हिमोग्लोबिन, रक्तगट, सिकलसेल, रक्तशर्करा, तसेच एचआयव्ही, कावीळ-बी व उपदंश यांच्या तपासण्या. हिमोग्लोबिन व शर्करेची पुढे पुन्हा तपासणी.
३. खर्रा, गुडाखू, मद्य, उपवास, उन्हातील काम, लघवीची सोय यांविषयी प्रश्न आणि त्यांची उत्तरे.
४. ती घेत असलेल्या प्रत्येक औषधाची नोंद, अन्य वैद्याने वा नातेवाइकांनी दिलेल्या पुड्यांसह.
५. शासकीय केंद्रातून मिळणाऱ्या लोह-फॉलिक आम्लाच्या व कॅल्शियमच्या गोळ्या सुरू आहेत काय, याची खात्री. 'उष्ण पडतात' म्हणून त्या परस्पर बंद करण्यास आपण सांगू नये.
६. धोक्याची लक्षणे मराठीत, मोठ्या अक्षरांत. आणि रात्री झटके, रक्तस्राव वा गर्भाची हालचाल मंदावणे असे काही झाल्यास कोठे जायचे, १०८ ला केव्हा फोन करायचा, हे.

प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेला शासकीय केंद्रांत गर्भवतींची मोफत तपासणी होते; २०१६ पासून चाललेल्या या उपक्रमाला आपल्या रुग्णांना आवर्जून पाठवावे. डागा, मेयो वा मेडिकलमध्ये चिठ्ठी देऊन पाठविण्यात वैद्याला कोणताही कमीपणा नाही. चिठ्ठीवर रक्तदाबाचा आकडा आणि दिलेल्या औषधांची नावे स्वच्छ लिहावीत. तेथील डॉक्टर त्यावरूनच आपली आणि आपल्या शास्त्राची परीक्षा करतात.

सन २०१८-२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावतात. देशाचा आकडा ९७ होता. आपले राज्य पुष्कळ पुढे आहे, याचा आनंद आहे. परंतु त्या ३३ जणींपैकी कित्येकींची वाट कोणत्या ना कोणत्या छोट्या दवाखान्यावरून गेलेली असते. तेथे बसलेला माणूस आपल्यापैकी असू शकतो.

दूध, तूप, बस्ती, पिचु हे सारे आपण देतच राहू. मात्र ते देण्याआधी हात रक्तदाबाच्या यंत्राकडे जावा. आमच्या दवाखान्यात ते यंत्र दर सहा महिन्यांनी तपासून घेतले जाते. त्या सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर देता आले नाही. निदान तो प्रश्न दुसऱ्या कोणी विचारण्याची वेळ येऊ नये, एवढे आपल्या हाती आहे.